हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलांना खरा धोका कशाचा असतो?

दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिका आणि कॅनडातल्या गल्ल्यांमध्ये लहान मुलांची गर्दी उसळते. कुणी भूत, कुणी चेटकीण, कुणी स्पायडरमॅन झालेलं असतं. हातात पिशव्या किंवा प्लॅस्टिकचे भोपळे घेऊन ही मुलं घरोघरी फिरतात, बेल वाजवतात आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत गोळ्या-चॉकलेटं मागतात. पिशवी भरून घरी आली की अनेक आई-बाबा आधी सगळा खाऊ टेबलावर ओततात आणि एकेक गोळी उलटसुलट करून पाहतात. कुणी विष तर घातलं नसेल ना? आत ब्लेड तर नसेल ना?

अशी तपासणी करण्यात काहीच गैर नाही. पण उपलब्ध आकडेवारी सांगते, की या संध्याकाळी मुलांच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो तो रस्त्यावरच्या गाड्यांचा. आणि त्याची काळजी मुलं घराबाहेर पडण्याआधीच घ्यावी लागते.

अमेरिकेत राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांतली मुलंही या दिवशी शाळेतल्या मित्रांसोबत बाहेर पडतात. म्हणूनच ही भीती आली कुठून, खरा धोका कुठे आहे आणि नेमकी कोणती काळजी घ्यायची, हे समजून घेऊया.

'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणजे काय?

हॅलोवीनची मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या सॅविन या जुन्या केल्टिक सणाशी जोडली जातात. सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा हा काळ. वेश बदलून घरोघरी जाण्याची आणि खाऊ मिळवण्याची प्रथा तिकडे आधीपासून होती. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांसोबत हा सण अमेरिकेत पोहोचला. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' या अर्थाचे 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कॅनडा आणि अमेरिकेत रुळले. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं, त्यामुळे हे फिरणं थंडावलं. १९५०च्या दशकात ते पुन्हा जोरात सुरू झालं.

दसऱ्याला सोनं द्यायला किंवा संक्रांतीला तिळगूळ वाटायला आपल्याकडची मुलं शेजारीपाजारी जातात, तसंच हे काहीसं. फरक इतकाच, की इथे मुलं ओळख नसलेल्या घरांचीही बेल वाजवतात, तीही अंधार पडत असताना. त्याचा एक अलिखित नियम असतो. ज्या घराच्या पोर्चमधला दिवा चालू आहे, त्याच घरी जायचं. दिवा बंद असेल तर त्या घराला यात भाग घ्यायचा नाही, असं समजून पुढे जायचं. अनेक गावांत स्थानिक प्रशासन फिरण्याची वेळही ठरवून जाहीर करतं.

खाऊत विष असल्याची भीती आली कुठून?

या भीतीमागे काही खऱ्या घटना आहेत, पण त्यांचे तपशील ऐकीव गोष्टींपेक्षा बरेच वेगळे आहेत.

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर एका महिलेनं वयानं मोठ्या वाटणाऱ्या मुलांना खाऊऐवजी कुत्र्याची बिस्किटं, भांडी घासायच्या तारेच्या घासण्या आणि मुंग्या मारायच्या विषाच्या चकत्या दिल्या. आपण गंमत केली, असं तिचं म्हणणं होतं. कुणाला इजा झाली नाही, पण तिच्यावर गुन्हा दाखल झाला आणि देशभर बातमी झाली.

१९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा हेरॉइनमुळे दगावला. सुरुवातीला हॅलोवीनच्या कँडीवर संशय घेतला गेला. पुढे तपासात उघड झालं, की हेरॉइन त्याच्या एका नातेवाइकाच्या घरातलं होतं.

सगळ्यात गाजलं ते १९७४ मधलं टेक्सासचं प्रकरण. आठ वर्षांच्या मुलाचा सायनाइड मिसळलेली आंबट-गोड पूड खाऊन मृत्यू झाला. विष घालणारा कुणी परका नव्हता. मुलाचे वडील रोनाल्ड क्लार्क ओब्रायन यांनीच विम्याच्या पैशांसाठी हे केल्याचं न्यायालयात सिद्ध झालं. संशय दुसऱ्यांवर जावा म्हणून त्यांनी तीच पूड आपल्या मुलीला आणि आणखी काही मुलांनाही दिली होती. सुदैवानं त्यांनी ती खाल्ली नाही. ओब्रायन यांना १९८४ मध्ये मृत्युदंड देण्यात आला.

त्याआधी १९८२ मध्ये, हॅलोवीनच्या महिनाभर आधी, शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जणांचा बळी गेला. त्याचा हॅलोवीनशी काही संबंध नव्हता. पण दुकानातल्या औषधात विष असू शकतं, तर अनोळखी माणसाच्या चॉकलेटमध्ये का नसेल, असा प्रश्न लोकांच्या मनात आला आणि भीती पक्की झाली.

डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट गेली अनेक दशकं अशा बातम्यांचा माग घेत आहेत. त्यांनी १९५८ पासूनच्या घटना तपासल्या. अनोळखी व्यक्तीनं हॅलोवीनला वाटलेल्या विषारी खाऊमुळे एखादं मूल दगावल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. खाऊत टाचणी वगैरे सापडल्याच्या तक्रारी अधूनमधून येतात. त्यातल्या बऱ्याच थट्टा किंवा बनाव निघाल्या, असं ते सांगतात.

मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याची भीतीही या दिवशी व्यक्त केली जाते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३० राज्यांतल्या ६७ हजारांहून अधिक गुन्ह्यांच्या नोंदी पाहिल्या. कुटुंबाबाहेरच्या व्यक्तींनी केलेले हे गुन्हे होते. हॅलोवीनच्या आसपास त्यांत वाढ झाल्याचं दिसलं नाही.

मग खरा धोका कोणता?

२०१८ मध्ये 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. संशोधकांनी १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या हॅलोवीनच्या संध्याकाळी, म्हणजे पाच ते मध्यरात्रीच्या दरम्यान, अमेरिकेत गाडीच्या धडकेनं किती पादचारी दगावले ते मोजलं. तुलनेसाठी त्यांनी दरवर्षीच्या दोन साध्या संध्याकाळी घेतल्या. एक हॅलोवीनच्या आठवडाभर आधीची, दुसरी आठवडाभरानंतरची.

हॅलोवीनच्या ४२ संध्याकाळी ६०८ पादचारी दगावले होते. साध्या ८४ संध्याकाळी हा आकडा ८५१ होता. सरासरी काढली तर साध्या संध्याकाळी साधारण १०, आणि हॅलोवीनला १४ ते १५ मृत्यू. म्हणजे धोका ४३ टक्क्यांनी जास्त. हे सगळ्या वयाच्या पादचाऱ्यांचे आकडे आहेत. त्यातही ४ ते ८ वर्षांच्या मुलांचा धोका साध्या संध्याकाळच्या तुलनेत सुमारे दहापट होता.

या दिवशी रस्त्यावर चालणारी मुलंच कित्येक पटींनी जास्त असतात, त्यामुळे आकडा वाढणार हे उघड आहे. पण पालकांच्या दृष्टीनं मुद्दा बदलत नाही. मुलं आणि गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, अंधारात समोरासमोर येतात.

अभ्यासात सर्वाधिक धोका संध्याकाळी सहाच्या सुमारास दिसला. न्यू जर्सीसारख्या भागात ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाला काही मिनिटं असताना मावळतो. अगदी लहान मुलं जेवणाआधी म्हणून याच वेळी बाहेर पडतात आणि लोक कामावरून गाडीनं घरी येण्याची वेळही हीच. पूर्वी हॅलोवीनच्या आधीच घड्याळं तासभर मागे घेतली जात. २००७ पासून ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतली जातात, त्यामुळे या दिवशी उजेड आता तासभर जास्त टिकतो. तरीही ऐन फिरण्याच्या वेळी संधिप्रकाश असतोच.

लहान मुलांचं वयही इथे आड येतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाची उंची उभ्या गाडीच्या बॉनेटएवढी किंवा त्याहून थोडी जास्त असते. दोन गाड्यांच्या मधून ते रस्त्यावर आलं तर चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे, याचा अंदाजही या वयात नीट येत नाही. त्यातून समोरच्या घरी मोठी चॉकलेटं मिळत आहेत असं कळलं, की पावलं आपोआप पळायला लागतात.

रस्त्यावर कोणती काळजी घ्यावी?

- बारा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस हवंच. गेटपाशी उभं राहून लक्ष ठेवण्यापेक्षा रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरणं महत्त्वाचं.
- लहान मुलांना उजेड असतानाच फिरवून आणा. निघायची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे घेतली तरी फरक पडतो.
- आधी रस्त्याच्या एका बाजूची सगळी घरं करा. मग कोपऱ्यावर किंवा क्रॉसिंगवर एकदाच रस्ता ओलांडून दुसरी बाजू घ्या. नागमोडी फिरणं टाळलं की रस्ता ओलांडण्याची वेळच कमी येते.
- फुटपाथ असेल तर त्यावरूनच चाला. नसेल तर रस्त्याच्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं चाला.
- ड्राइव्ह-वेमधून मागे येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवा. अशा वेळी चालकाला लहान मूल दिसत नाही.
- प्रत्येक मुलाच्या हातात टॉर्च द्या. पोशाखावर आणि पिशवीवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या चिकटवा.
- मोठी मुलं मित्रांसोबत जाणार असतील तर रस्ता आणि परत यायची वेळ आधी ठरवा. चार्ज केलेला फोन सोबत द्या, पण चालताना तो खिशातच राहू द्या.

गाडी चालवणाऱ्यांसाठी सांगणं सोपं आहे. संध्याकाळी पाच ते नऊच्या दरम्यान वस्तीच्या रस्त्यांवर जाणं टाळता आलं तर टाळा. जावंच लागलं तर वेग अगदी कमी ठेवा, फोन बाजूला ठेवा आणि एक मूल रस्ता ओलांडताना दिसलं, तर त्याच्यामागे आणखी दोन असतील असं धरून चाला. पार्टीत दारू प्यायली असेल तर गाडी हातात घेऊच नका.

पोशाख निवडताना काय पाहावं?

पोशाख घोट्याच्या वर राहील इतकाच लांब असावा. पायात येणारा झगा आणि मोठ्या मापाचे बूट यांमुळे मुलं धडपडतात. मुखवट्यामुळे बाजूचं दिसत नाही, म्हणून त्याऐवजी चेहरा रंगवावा, असं बालरोगतज्ज्ञ सुचवतात. रंग त्वचेसाठीच बनवलेला असावा. तो आदल्या दिवशी हातावर थोडासा लावून पाहिला तर पुरळ येतं का, ते कळतं.

आगीचा धोका विसरू नये. कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्ती लावून तो दारात ठेवण्याची पद्धत आहे आणि मुलांचे झगे, केप बहुतेकदा पातळ सिंथेटिक कापडाचे असतात. ब्रिटनमधल्या टीव्ही सूत्रसंचालिका क्लॉडिया विंकलमन यांच्या लहान मुलीच्या पोशाखानं २०१४ च्या हॅलोवीनला अशाच मेणबत्तीवर पेट घेतला आणि ती गंभीर भाजली. पोशाखांच्या चाचण्या कडक करण्याची मागणी त्यानंतर तिथे जोर धरू लागली. तेव्हा लेबलवर 'सहज पेट न घेणारं' कापड असल्याचं वाचून घ्या आणि भोपळ्यात बॅटरीवरचा दिवा लावा. कपड्यांनी पेट घेतलाच तर पळायचं नाही, जागीच थांबायचं, जमिनीवर आडवं व्हायचं आणि लोळायचं. हे मुलांना आधीच करून दाखवा. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.

मांजरीचे किंवा झाँबीचे डोळे दिसण्यासाठी मिळणाऱ्या शोभेच्या कॉन्टॅक्ट लेन्स किशोरवयीन मुलांना फार आवडतात. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकणं बेकायदा आहे. मापाशिवाय घातलेल्या लेन्समुळे बुबुळाला जखम आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो, दृष्टीही जाऊ शकते.

कोणत्या घराची बेल वाजवायची?

ऑक्टोबर १९९२ मध्ये लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात योशिहिरो हात्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी मित्रासोबत हॅलोवीनच्या पार्टीला निघाला होता. दोघे चुकून दुसऱ्याच घरी गेले. घरमालकानं पिस्तूल रोखून 'फ्रीज' म्हणजे 'हलू नका' असं बजावलं. योशिहिरोला बहुधा ते समजलं नाही. तो पुढे आला आणि गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. घरमालक फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला.

ही घटना ट्रिक ऑर ट्रीटच्या वेळची नाही आणि असं क्वचितच घडतं. तरीही नव्या देशात आलेल्या कुटुंबांनी त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पोर्चचा दिवा बंद असलेल्या घराच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. आणि खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक पोशाखासोबत द्यायची नाही. मुलांना हेही सांगून ठेवा, की खाऊ दारातच घ्यायचा. कुणी आत बोलावलं किंवा गाडीत बसायला सांगितलं तर नकार देऊन सोबतच्या मोठ्या माणसाकडे परत यायचं.

रस्त्यावर फिरवायचं नसेल तर अनेक शाळा आणि चर्चमध्ये 'ट्रंक ऑर ट्रीट' असतं. वाहनतळावर गाड्या उभ्या करून, त्यांच्या डिक्क्या सजवून तिथूनच खाऊ वाटला जातो. गाड्या जागच्या हलत नसल्यानं लहान मुलांसाठी हा चांगला पर्याय आहे.

पिशवी घरी आल्यावर काय तपासावं?

विषापेक्षा पुढच्या तीन गोष्टींकडे लक्ष देणं जास्त गरजेचं आहे.

पहिली, घशात अडकणारा खाऊ. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या, शेंगदाणे, पॉपकॉर्न देऊ नका. चालताना किंवा पळताना तोंडात गोळी नको. घरी येऊन, बसूनच खायचं.

दुसरी, ॲलर्जी. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध यांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी वेष्टनावरची घटकांची यादी वाचावीच लागते. छोट्या आकाराच्या चॉकलेटवर ती नसते किंवा मोठ्या वडीपेक्षा वेगळी असू शकते. यादी नसेल तर ते चॉकलेट त्या मुलाला देऊ नये. अशा मुलांसाठी अमेरिकेत २०१४ पासून 'टील पम्पकिन' मोहीम देशभर राबवली जाते. दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दिसला तर त्या घरी खाऊशिवाय स्टिकर, पेन्सिल, छोटी खेळणी अशा वस्तूही मिळतात.

तिसरी, गांजा मिसळलेल्या गोळ्या आणि चॉकलेटं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ती मोठ्यांसाठी कायदेशीर आहेत आणि दिसायला साध्या कँडीसारखीच असतात. सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याची २०१७ मध्ये २०७ प्रकरणं नोंदली गेली होती. २०२१ मध्ये ती ३,०५४ झाली. बहुतांश प्रकरणं घरातच घडली. म्हणजे कुणी अनोळखी माणूस ती पिशवीत टाकेल याची चिंता करण्यापेक्षा, घरात किंवा पार्टीच्या ठिकाणी मोठ्यांचा असा माल कुलूपबंद आहे ना, हे आधी पाहायला हवं. मूल अचानक सुस्त झालं, चालताना तोल जाऊ लागला तर अमेरिकेतल्या विषबाधा मदत केंद्राला १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर लगेच फोन करा. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा मूल उठत नसेल तर थेट ९११.

बाकी नियम साधा आहे. वेष्टन फाटलेलं, उघडलेलं किंवा पुन्हा चिकटवलेलं दिसलं तर फेकून द्या. सगळा खाऊ मोठ्यांनी पाहिल्याशिवाय मुलांनी खायचा नाही. आणि फिरायला निघण्याआधी मुलांना पोटभर जेवू घाला, म्हणजे वाटेत हात पिशवीत जात नाही.

परदेशातल्या मराठी घरांनी काय लक्षात ठेवावं?

दिवाळी आणि हॅलोवीन अनेकदा मागेपुढे येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. अशा वर्षी दारात पणत्या लावलेल्या असतात आणि त्याच दारात लांब झगे, केप घातलेली शेजारची मुलं येतात. पणत्या मुलांच्या वाटेपासून दूर, उंचावर ठेवा किंवा मुलांची ये-जा संपेपर्यंत विजेवरचे दिवे लावा. पायरीवरच्या रांगोळीवरून कुणी घसरणार नाही, हेही पाहा.

दारी आलेल्या मुलांना लाडू किंवा करंजी द्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण तिथले पालक घरी बनवलेला किंवा सुटा खाऊ सहसा टाकून देतात. काजू कतलीसारख्या पदार्थांमुळे ॲलर्जीचाही धोका असतो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या मुलांना बंद वेष्टनातलाच खाऊ द्या आणि फराळाचं ताट ओळखीच्या घरी पोहोचवा.

भारतातून आलेले आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना ही प्रथा आधी समजावून सांगा. खाऊ द्यायचा नसेल तर पोर्चचा दिवा बंद ठेवायचा, म्हणजे सहसा कुणी बेल वाजवत नाही. नातवंडांसोबत तेच जाणार असतील तर त्यांना टॉर्च, फोन आणि घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी द्या. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना सवयीनं आधी उजवीकडे बघणाऱ्यांनी डावीकडे बघायचं लक्षात ठेवायला हवं.

पुण्या-मुंबईतल्या काही मोठ्या सोसायट्यांतही आता हॅलोवीनला मुलं इमारतीभर फिरतात. इथे हमरस्ता नसतो, पण पार्किंगमधून बाहेर येणाऱ्या गाड्या आणि दुचाकी असतात. त्या दोन तासांपुरता मुलांचा मार्ग दोऱ्या बांधून वेगळा केला आणि सुरक्षारक्षकांना वेळ कळवून ठेवली, तर मुलांना निर्धास्त फिरता येईल. लिफ्टमध्ये लहान मुलांना एकटं सोडू नका आणि केपची टोकं दारात अडकणार नाहीत, याकडे लक्ष ठेवा.